निळी शेळी आणि पाटीवरचा मुलगा

६ जानेवारी, मंगळवार

आजपासून वही पुन्हा सुरू. निवृत्त झाल्यावर सोडून दिली होती. रोज 'तळ्यावर फेरी मारली, पेपर वाचला' एवढंच किती दिवस लिहिणार? अनुपमा म्हणाली, "लिहा, लिहा. नाहीतर सगळं मलाच ऐकावं लागतं." बायकोचा सल्ला कधीतरी ऐकावा.

तर झालं असं. मुंबईच्या एका संस्थेने चित्रांची चाळीस पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून पाठवली आहेत. शांतता, सहिष्णुता, करुणा वगैरे लहान मुलांत रुजावी म्हणून. कुणीतरी शाळेत जाऊन ती मोठ्याने वाचून दाखवायची. संस्थेच्या शुभदाताईंना कुणी माझं नाव सुचवलं देव जाणे, पण नाव ऐकून छाती फुगली हे कबूल करतो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली. माझा आवाज अजून खणखणीत आहे.

शाळा पोलादपूरच्या वर, आंबेकोंडला. पहिली ते चौथी मिळून बावीस मुलं आणि विनीत सर नावाचे एकच तरुण मास्तर. न्यायला-आणायला इस्माईलभाईंची सहा आसनी मिनिडोर. चाळिशी ओलांडलेला, मिशा राखलेला, कमी बोलणारा माणूस. महाड सोडलं तेव्हा चांगलं ऊन होतं. घाटाला लागलो तर दरीतलं सगळं धुकं वर आलेलं. दहा हातांपुढचं दिसेना. मला तर वाटायला लागलं, गाडी जागेवरच उभी आहे आणि झाडंच एकेक करून आपल्याजवळून चालत चालली आहेत. चांगलं वाटत होतं. शाळा कधी आली कळलंच नाही.

पहिलं पुस्तक 'निळी शेळी'. एक निळी शेळी चुकून दुसऱ्याच्या कळपात येते. बाकीच्या शेळ्या बघतात, हुंगतात, जरा सरकून घेतात. थंडी पडते. सगळ्या एकमेकींना चिकटून झोपतात. संपलं! मी पान उलटलं, पुढे पुठ्ठा.

सवयीने विचारलं, "तात्पर्य?"

बावीस जण एका सुरात ओरडले, "भांडू नये!"

आता त्या गोष्टीत भांडण औषधालाही नाही. विनीत सर हसून म्हणाले, "परिपाठाला रोज बोधकथा असते ना गुरुजी. तीन तात्पर्यं पाठ आहेत त्यांना. भांडू नये, खोटे बोलू नये, चोरी करू नये. आलटून पालटून म्हणतात."

आवडी नावाची तिसरीतली एक मुलगी मात्र उठून म्हणाली, "गुरुजी, शेळी निळी नव्हतीच. सांज झाली व्हती. सांजंला आमच्या पण शेळ्या निळ्या दिसत्यात."

इस्माईलभाई खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. आत या म्हटलं तर म्हणाले, "मी हितंच बरा." परत येताना अर्ध्या वाटेत विचारलं, "गुरुजी, ती शेळी ज्याची होती, त्यानं शोधली नाय तिला?" ते काही पुस्तकात नव्हतं.

१३ जानेवारी, मंगळवार

शुभदाताईंचा फोन. पुस्तकांना मुद्दामच तात्पर्य ठेवलेलं नाही म्हणे. मुलांनी आपलं आपण शोधायचं. "गुरुजी, तुम्ही फक्त वाचा." फक्त वाचा! मग पोस्टमनला का नाही नेमलं?

तात्पर्य नसलेली गोष्ट म्हणजे मिठाशिवाय आमटी. आज आंबेकोंडहून येताना 'निळी शेळी' पिशवीत घालून घरी आणली. शेवटच्या पुठ्ठ्यावर बारीक पेन्सिलने दोन ओळी लिहून टाकणार. नंतर खोडता येतात. कुणाला कळायचं कारण नाही.

संध्याकाळी तासभर बसलो. 'सर्वांना सामावून घ्यावे' लिहिलं, खोडलं. 'थंडीत एकी हेच बळ' लिहिलं, स्वतःलाच हसू आलं, खोडलं. शेवटी पुस्तक फडताळात पंचांगाखाली ठेवून दिलं. होईल सावकाश.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत. तिळगूळ जरा जास्तच झाला असावा, कारण आज दुपारी जेवून पडलो आणि स्वप्न पडलं. माझ्या जुन्या शाळेचा व्हरांडा. व्हरांड्यात धुकं, घाटातलं असतं तसं. एक मुलगा उभा आहे. गळ्यात सुतळीने पाटी अडकवलेली. पाटीवरचं अक्षर माझं, सुंदर, वळणदार. 'मी पुस्तक चोरले.' तोंड मात्र दिसत नव्हतं. मी जवळ जातो तो आणखी धुकं.

हे काही नुसतं स्वप्न नाही. १९९० साली मी एका मुलाला असं उभं केलं होतं. वाचनाच्या कपाटातलं एक पुस्तक कमी भरलं. त्या आठवड्यात कपाट झाडायची पाळी त्याची होती. नाही म्हणाला, रडला, पण चोर कधी हो म्हणतो का? तीन दिवस उभा होता. चौथ्या दिवसापासून शाळेत आला नाही. मोहल्ल्यातला होता, एवढं आठवतं. नाव आठवत नाही. वर्गात साठ साठ मुलं असायची, कुणाकुणाची नावं लक्षात ठेवणार? शिस्तीसाठी तेव्हा सगळेच करायचे.

स्वप्न अनुपमाला सांगितलं. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पुस्तक नंतर मिळालं होतं ना?"

मी पेपर उघडला. आंब्याला यंदा मोहोर चांगला आहे असं छापून आलंय.

२० जानेवारी, मंगळवार

आज धुकं इतकं खाली होतं की शाळेचा झेंड्याचा खांब तेवढा वर दिसत होता. 'दोन विहिरी' वाचलं. मुलं माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात, तेव्हा मला पुन्हा तिशीतला झाल्यासारखं वाटतं. 'निळी शेळी परत वाचा' म्हणून मुलांचा धोशा होता. पुढच्या खेपेला म्हटलं.

येताना इस्माईलभाई आपण होऊन बोलले. "तुमच्या शाळेत होती का हो अशी पुस्तकं?"

"एक कपाट होतं," मी म्हटलं.

"हिरवं. डावं दार अडकायचं."

मी म्हटलं, सरकारी कपाटं सगळीकडे सारखीच. माणूस निरीक्षणाने हुशार आहे. शिकला असता तर कुठच्या कुठे गेला असता.

२७ जानेवारी, मंगळवार

सर्दी. गेलो नाही. दिवसभर झोप आणि जाग यांच्या मध्येच कुठेतरी होतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

शाळेत पेटी उघडली, पुस्तकं मोजली. एकोणचाळीस. पुन्हा मोजली. 'निळी शेळी' नाही. विनीत सर कावरेबावरे झाले. म्हणाले, "आवडी सारखी तेच पुस्तक घेऊन बसायची हो."

आणि माझ्या तोंडातून आलं, "आवडी, उभी राहा. दप्तर घेऊन पुढे ये."

हे शब्द मी उच्चारले असं म्हणवत नाही. ते आत तयारच होते. पोरगी पुढे आली. दप्तर उपडं केलं. दोन वह्या, एक फुटकी पट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत तीन चिंचा. पुस्तक नाही. मी विचारलं, "घरी ठेवलंस? खरं सांग. खरं बोललं की कुणी मारत नाही." ती रडली नाही. चिंचांकडे बघत उभी राहिली. मागून कुणीतरी पोरटं म्हणालं, "चोरी करू नये!" आणि चार-पाच जणांनी त्याच्या सुरात सूर मिळवला. माझ्या तालमीत तयार झाल्यासारखे.

तेवढ्यात इस्माईलभाई आत आले. चपलांसकट, सरळ माझ्या टेबलापर्यंत. "गुरुजी, नको."

मी म्हटलं, "इस्माईलभाई, तुम्ही यात पडू नका."

"पडलोय. पस्तीस वर्षं झाली पडून." मग आवडीकडे वळून म्हणाले, "बस गो खाली. चिंचा भर तुझ्या." आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

मला समजलं आणि समजू नये असंही वाटत होतं. उतरताना धुकं होतंच. गाडी हळूहळू खाली येत होती. एकेक वळण तो सावकाश काढत होता. मग म्हणाला, "तिसऱ्या दिवशी तुम्ही सुतळी बदललीत. मान सोलपाटली होती ना, म्हणून पाटीला मऊ नाडी लावलीत. तेवढं आठवतंय का?"

मला आठवलं. त्या वेळी मला ते माझं मोठं मन वाटलं होतं. काय ही माझी लायकी!

"आणि नाव?" त्याने विचारलं. "महिना झाला, दर खेपेला इस्माईल इस्माईल म्हणताय."



घरी आलो. अनुपमाला एकादशी बघायची होती म्हणून तिने पंचांग उचललं. खाली निळी शेळी. ती पुस्तक हातात घेऊन माझ्यासमोर आली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. कुणाला उभं केलंत आज?"

मी सगळं सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "या वेळी तरी गुपचूप नेऊन ठेवू नका."

आता लिहूनच टाकतो. या वहीत तरी खोटं कशाला? १९९० साली ते पुस्तक मीच घरी आणलं होतं. आमचा आमोद पाच वर्षांचा, तापाने फणफणलेला, चित्रं बघायला हवी म्हणून हट्ट. कपाटाच्या वहीत नोंद केली नाही आणि साफ विसरलो. दिवाळीच्या साफसफाईत ते गाद्यांच्या ट्रंकेमागे अनुपमाला सापडलं. सुट्टीनंतर मी ते कपाटात सरकवून दिलं. त्या मुलाच्या घरी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. तेवढ्यात कळलं, त्याला मुंबईला मामाकडे पाठवलंय. मी म्हटलं, सुटलो. हाच शब्द. सुटलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळच्या एसटीने गेलो. फाट्यावर उतरून वर चढलो. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दे. ऊन लख्ख, आणि खाली सावित्री नदीच्या दरीत मात्र धुकं दह्यासारखं लागलेलं. दोनदा वाटेत बसावं लागलं.

मुलांसमोर पुस्तक धरलं. म्हटलं, "हे माझ्याकडे होतं. मी नेलं, मी विसरलो आणि आवडीला चोर ठरवलं. चूक माझी आहे. आवडी, मला माफ कर."

गुरुजी माफी मागतात हे कुठल्याच बोधकथेत नसतं, त्यामुळे कुणाला तात्पर्य आठवेना. आवडीने जरा विचार केला आणि म्हणाली, "आसू द्या गुरुजी. माझी आजी पण आसंच करती. चष्मा डोक्यावर आन् घरभर शोधती." सगळी पोरं खो खो हसली. विनीत सरांनीही तिला सॉरी म्हटलं. तिने मला एक चिंच दिली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटली, बरंही वाटलं. पण ही माफी सोपी होती. नऊ वर्षांच्या मुलीने चोवीस तासांत सोडलेली गोष्ट. दुसरी पस्तीस वर्षांची आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मला वाटलं, तो येणार नाही. बरोबर साडेनऊला हॉर्न वाजला.

घाटात एका वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. चहूबाजूंनी पांढरं, फक्त कुठेतरी खाली पाणी वाजत होतं. मी म्हटलं, "इस्माईल, पुस्तक माझ्या घरात होतं. महिन्याभरात सापडलं होतं. मी बोललो नाही. मला माफ कर."

तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिला. "सापडलं होतं," तो म्हणाला. "महिन्याभरात." हे त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं, आता हा मला इथेच उतरवणार, आणि उतरवलं असतं तर मी मुकाट्याने उतरलो असतो.

"मी मुद्दाम आलो या कामाला," तो म्हणाला. "ऐकलं, गुरुजी दया-माया शिकवायला चाललेत. म्हटलं बघू तरी कसे शिकवतात. मग ती शेळीची गोष्ट ऐकली, आणि दर मंगळवारची वाट बघायला लागलो. माझाच मला राग आला."

मग म्हणाला, "माझं सोडा. मामाच्या गॅरेजमध्ये वाढलो, कुवेतला बारा वर्षं गाडी चालवली, घर बांधलं. माझं मी निभावलं. माफी मला नको, अम्मीला सांगा. तिनं तेव्हा मला चुलीतल्या लाकडानं मारलं होतं. अजून घरात काय सापडंना झालं की ती माझ्याकडे बघते. चष्मा सापडंना, बघते. किल्ली सापडंना, बघते. बोलत काय नाय. नुसती बघते. माझ्या पोरांसमोर."

मी म्हटलं, सांगतो. येत्या आठवड्यात नक्की.

"तिचं आता काय खरं नाय, गुरुजी. लवकर या."

त्याने गाडी सुरू केली. शाळेत मी काय वाचलं, आठवत नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गेलो नाही. आंबेकोंडलाही नाही आणि मोहल्ल्यातही नाही. गुडघा दुखतोय म्हणून निरोप पाठवला. गुडघा दुखत नाहीये.

मला भीती वाटते. त्या म्हातारीच्या रागाची नाही. शिव्या दिल्या तर खाईन. पण महाडच्या रस्त्याने जाताना अजून माणसं थांबून 'गुरुजी' म्हणतात. चहाचे पैसे देऊ देत नाहीत. मोहल्ल्यात एकदा सांगितलं की हे सगळ्या गावाला कळेल. माझ्याजवळ दुसरं काय आहे? पेन्शन आणि हा एक शब्द.

दुपारी पुन्हा व्हरांडा. या खेपेला मुलाने पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी. त्याने मला पेन्सिल दिली. मी किती वेळ तशीच धरून उभा होतो.

चहा देताना अनुपमा म्हणाली, "रोजे दोन दिवसांवर आलेत. ईदेपर्यंत थांबणार, की ती म्हातारी जाईपर्यंत?" ही बाई शिक्षिका झाली असती तर मुलांची काही खैर नव्हती. तिचं बरोबर आहे. नेहमीच होतं. तेव्हाही ती 'जाऊन सांगा' म्हणालीच होती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज गेलो. सकाळी आंबेकोंडला वाचन केलं आणि परतताना इस्माईलला म्हटलं, "तुझ्या घरी चल." त्याने गाडी सरळ मोहल्ल्यात घातली. अनुपमा बरोबर येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. तिच्या पदराआड लपून बोललो असतो.

दुपारचे चार. रोज्याचा दिवस, गल्लीत सामसूम. घर चांगलं, फरशीचं, थंड. खिडकीवरच्या निळ्या पडद्यातून ऊन आत येत होतं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. खाटेवर इस्माईलची अम्मी, नुरजहाँ, बसली होती. एवढीशी राहिली आहे. हातात तसबीहचे, जपमाळेचे मणी. मला बघून पदर डोक्यावर ओढला आणि उठायला लागली. "गुरुजी आले! आमच्या घरी गुरुजी आले! उमैमा, चाय टाक गो."

मी म्हटलं, "नको, तुमचे रोजे आहेत."

"आमचा रोजा हाय, तुमचा कुठं हाय? बसा."

नात चहा करायला गेली. इस्माईल आईच्या पायांशी खाटेच्या कडेला टेकला. मी खुर्चीवर बसलो आणि पुन्हा उठलो. बसून सांगता येईना. उभ्यानेच सांगितलं. पुस्तक मी नेलं होतं. माझ्या मुलासाठी. तुमच्या मुलाने कधीच काही चोरलं नाही. मला महिन्याभरात कळलं होतं आणि मी आलो नाही. वाटेत पाठ केलेली वाक्यं एकही आठवली नाहीत, जसं आलं तसं बोललो.

मणी थांबले. तिला ऐकू गेलं की नाही मला कळेना. चहाचा कप कधी हातात आला तेही कळलं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. इस्माईलकडे बघत होती, त्याच्या मिशांकडे, पिकलेल्या कानशिलांकडे.

"मंग तू मला का नाय सांगितलंस रे?" ती म्हणाली.

"सांगितलं होतं, अम्मी. तिन्ही दिवस सांगत होतो."

"मी काय म्हटलं?"

इस्माईल फरशीकडे बघायला लागला. माझ्यासमोर त्याला ते बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं. तिने पुन्हा विचारलं, मी काय म्हटलं होतं, सांग.

"तू म्हणालीस, गुरुजी खोटं कशाला बोलतील."

तिने तोंडावर पदर घेतला. मी तिथून निघून जायला हवं होतं. हातात चहा होता, तो घेऊन तसाच उभा राहिलो.